दुसऱ्या दिवशी पाय धरतात आणि व्यायाम सुटतो: अंग दुखत असताना करायचं की थांबायचं?

सोमवारी उत्साहानं सुरुवात. मंगळवारी सकाळी मांड्या थोड्या जड. बुधवारी जिना उतरताना कठडा दोन्ही हातांनी धरावा लागतो. मग "दुखायचं थांबलं की बघू" म्हणून व्यायाम बंद. रविवारपर्यंत बरं वाटतं, पण तोवर तपासायच्या वह्यांचा ढीग साचलेला असतो, घरी कुणीतरी आलेलं असतं, आणि पुढची सुरुवात होते ती दीड-दोन महिन्यांनी. पुन्हा सोमवार, पुन्हा बुधवार, पुन्हा तोच कठडा.

माझं हे चार वर्षं चाललं. मी जुळे सोलापुरात तिसऱ्या मजल्यावर राहते, इमारतीला लिफ्ट नाही, आणि हायस्कूलमध्ये दिवसभर उभं राहून शिकवते. त्यामुळे पाय धरले की लपवता येत नाही. या चार वर्षांत मी व्यायाम सोडला असं एकदाही ठरवलं नव्हतं. मी तो सारखा सुरूच करत होते. चूक कुठं होती हे कळायला फार वेळ लागला, आणि कळल्यावर उपाय इतका साधा निघाला की तो आधी कुणी का सांगितला नाही याचं वाईट वाटलं. शाळेतल्या सहकारी, बागेत सकाळी भेटणाऱ्या बायका, पोलीस भरतीची तयारी करणारे माझे जुने विद्यार्थी, सगळे एकच विचारतात: "बाई, दुखतंय ओ. आज करू की नको?" त्या सगळ्यांसाठी हे लिहितेय.

घाईत असाल तर एवढं वाचा. काल-परवा नवीन किंवा नेहमीपेक्षा जास्त व्यायाम केला होता, दुखणं पसरट आहे, दोन्ही बाजूंना साधारण सारखं आहे, आणि दहा मिनिटं सावकाश चाललं की सैल पडतं, तर हलका व्यायाम करा. झोपून राहू नका. दुखणं एकाच जागी टोचतंय, व्यायाम करता करताच सुरू झालं, सांध्यात किंवा हाडावर आहे, लंगडायला होतंय किंवा अंगात ताप आहे, तर आज थांबा. आणि लघवी कोऱ्या चहासारखी गडद होत असेल तर पुढचं वाचत बसू नका, लगेच रुग्णालय गाठा. त्याचं कारण शेवटी लिहिलं आहे.

उतरतानाच का दुखतं

माझी भाची फिजिओथेरपी शिकते. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत ती आमच्याकडे आली होती. फराळाचे डबे द्यायला आम्ही दोघी खाली निघालो, आणि दुसऱ्याच पायरीवर मी थांबले.

"आत्या, मघाशी वर येताना तुला काही झालं नाही. उतरतानाच का कण्हतेस?"

"अगं, परवा बैठका मारल्या. पन्नास."

"त्याच्या आधी कधी मारल्या होत्यास?"

"गणपतीच्या आधी."

"म्हणजे दोन महिन्यांनी एकदम पन्नास. आणि आता किती दिवस थांबणार?"

"दुखायचं थांबेपर्यंत."

"तिथंच चुकतंय सगळं," ती म्हणाली, आणि जिन्यातच उभं राहून तिनं मला समजावलं.

जिना चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडतो आणि शरीर वर उचलतो. उतरताना काम उलटं होतं. तोच स्नायू हळूहळू लांब होत जातो, आणि लांब होत असतानाच सगळं वजन तोलून धरतो, उतारावर गाडीचा ब्रेक धरावा तसा. बैठकीत खाली जाताना हेच होतं, जोर मारताना छाती जमिनीकडे नेताना हेच, डंबेल सावकाश खाली आणताना हेच. ताणलं जाता जाता भार पेलायचं हे काम स्नायूला सवयीचं नसलं की त्याच्या तंतूंना आणि भोवतालच्या आवरणाला अगदी सूक्ष्म इजा होते. शरीर डागडुजीला लागतं, तिथं थोडी सूज येते, आतल्या नसा हळव्या होतात. या सगळ्याला वेळ लागतो, म्हणून दुखणं लगेच येत नाही. बारा ते चोवीस तासांनी सुरू होतं, एक ते तीन दिवसांच्या दरम्यान सगळ्यात जास्त असतं, आणि पाच ते सात दिवसांत मावळतं. बुधवार हा माझा वाईट वार का, ते त्या दिवशी कळलं.

लॅक्टिक आम्ल साचतं म्हणून अंग दुखतं, असं मीही वर्षानुवर्षं मानत होते. जोरदार व्यायामात पायात जी जळजळ होते तेव्हा रक्तात लॅक्टेट वाढलेलं असतं खरं, पण साधारण तासाभरात ते मूळ पातळीवर येतं. दोन दिवसांनी दुखायला ते तिथं नसतंच. थिओडोर हफ या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने १९०२ सालीच हे उशिराचं दुखणं वेगळं ओळखलं होतं आणि स्नायूच्या आतल्या बारीक तुटीशी त्याचा संबंध जोडला होता. तरी "आम्ल बाहेर काढायला आणखी घाम गाळ" असा सल्ला आजही व्यायामशाळेत ऐकू येतो, आणि कोवळी मुलं तो मनापासून पाळतात. याचा मला खरोखर त्रास होतो.

सोलापूरकरांना हे सगळं समजावायला एक जागा फार सोयीची आहे. कोजागिरीला आपल्याकडून हजारो माणसं तुळजापूरला चालत जातात. रूपाभवानीचं दर्शन घेऊन निघायचं, तामलवाडी मागं टाकायची, रात्रभर चालून पंचेचाळीस किलोमीटर कापायचे. घाट चढताना दम लागतो, पण पाय साथ देतात. पायांची परीक्षा होते ती देवळात. कारण तुळजाभवानीचं मंदिर खालच्या अंगाला आहे, महाद्वारातून आत गेलं की पायऱ्या उतरायच्या असतात. चांगली धडधाकट माणसं तिथं बाजूच्या भिंतीला हात लावून एकेक पायरी उतरताना दिसतात. चढाची पुरेशी ताकद होती, उताराची सवय नव्हती.

आपलं दुखणं कोणतं आहे

"दुखतंय का?" या प्रश्नाला व्यायाम करणाऱ्या माणसाचं उत्तर बहुतेक वेळा "हो" असंच येईल, म्हणून तो प्रश्न उपयोगाचा नाही. मी आता सकाळी उठल्यावर दुसरे प्रश्न विचारते.

पहिला: हे सुरू कधी झालं? व्यायामाच्या दुसऱ्या दिवशी हळूहळू चढलं असेल तर बहुधा साधं अंग धरणं आहे. पण धावताना, उचलताना, वळताना "खट्" झालं, चमक गेली, कुणीतरी मागून मारल्यासारखं वाटलं, आणि त्या क्षणापासून दुखतंय, तर तो स्नायू ओढला गेलेला किंवा फाटलेला असू शकतो. तिथं काळंनिळं पडलं, सूज आली, तर शंका आणखी पक्की. पाठीत उसण भरणंही याच गटातलं. अशा दुखण्यावर "चालून मोकळं होईल" हा नियम लावायचा नाही.

दुसरा: बोटानं दाखवता येतं की तळहातानं? हा प्रश्न मला भाचीनं दिला आणि मला तो फार आवडतो. अंग धरलेलं असलं की माणूस सगळी मांडी तळहातानं चोळत दाखवतो, "इथून इथपर्यंत" म्हणतो. दुखापतीत तो एक बोट ठेवतो. सांध्याच्या रेषेवर बोट, नडगीच्या हाडावर बोट, टाचेच्या वरच्या दोरीसारख्या शिरेवर बोट, ही सगळी थांबण्याची ठिकाणं आहेत.

नडगीबद्दल इथं थोडं जास्त लिहिते, कारण भरतीच्या मुलांचं नुकसान तिथं होतं. जाहिरात निघाली की सोळाशे मीटरची तयारी सुरू होते. काल घरी बसलेला मुलगा आज सकाळ-संध्याकाळ कठीण जमिनीवर, झिजलेल्या बुटांनी धावतो. पंधरा दिवसांत नडगी दुखायला लागते. आधी धावून झाल्यावर, मग धावताना, मग चालताना, आणि शेवटी रात्री अंथरुणातही. दुखणं एका रुपयाएवढ्या जागेवर आलं, तिथं दाबलं की डोळ्यांत पाणी येतं, एका पायावर उडी मारवत नाही, तर हाडाला बारीक चीर जात असण्याची शक्यता असते. स्नायू आठवड्यात सावरतो, हाडाला महिना-दीड महिना आणि कधी त्याहून जास्त लागतं. यात रोज धावत राहिलं तर चीर वाढते आणि भरतीच हुकते. बाळांनो, इथं जिद्द दाखवायची नसते. अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवा. आणि पहिल्या दोन-तीन दिवसांतला एक्स-रे स्वच्छ आला म्हणून निर्धास्त होऊ नका, अशी चीर सुरुवातीला एक्स-रेवर बऱ्याचदा दिसत नाही.

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि त्याचं उत्तर अंथरुणात मिळत नाही. त्यासाठी चालावं लागतं. दहा मिनिटं, सावकाश, सपाट जागी. पहिली दोन-तीन मिनिटं धरू नका, तेव्हा सगळंच आखडलेलं असतं. दहाव्या मिनिटाला स्वतःला विचारा: सैल झालं, तेवढंच आहे, की वाढलं? सैल झालं किंवा तेवढंच राहिलं, तर हलकं काही करायला हरकत नाही. वाढलं, किंवा दुखऱ्या पायाला सांभाळत तुमची चाल बदलली, तर आज विश्रांती. चाल बदलणं हे दुखण्यापेक्षाही मोठं कारण समजा. उजवा पाय वाचवताना डावा गुडघा आणि कंबर नको तो भार घेतात, आणि मग एकाची दोन दुखणी होतात.

मी वर्षभर ही दहा मिनिटं पाळली आहेत. दहातल्या बहुतेक वेळा उत्तर "सैल झालं" असंच आलं. म्हणजे त्या चार वर्षांत ज्या ज्या बुधवारी मी पाय वर करून पडून राहिले, त्यातल्या बऱ्याच दिवशी मी चालू शकले असते.

मग आज काय करायचं

शून्य ते दहा अशा मोजपट्टीवर मी दुखण्याला आकडा देते. हा माझा घरगुती हिशेब आहे, पण कामाचा आहे. तीनपर्यंत असेल तर ठरलेला व्यायाम करते, फक्त अंग गरम करायला पाच मिनिटं जास्त देते. चार-पाच असेल तर दुखऱ्या भागाला त्या दिवशी जोर देत नाही. मांड्या धरल्या असतील तर भिंतीला हात टेकून जोर, खांद्यांचे व्यायाम, किंवा नुसतं वीस मिनिटं चालणं. सहा किंवा त्याहून जास्त असेल, खुर्चीवरून उठताना हातांचा आधार लागत असेल, तर घरातल्या घरात हालचाल आणि संध्याकाळी एक छोटी फेरी, एवढंच.

हलक्या हालचालीनं दुखणं कमी वाटतं, पण तो आराम तात्पुरता असतो. थांबलं की तासाभरात ते परत येतं. यानं घाबरू नका, आणि "कमी झालं" म्हणून लगेच नेहमीचं वजनही उचलू नका. कारण या दिवसांत स्नायूची ताकद खरोखर उतरलेली असते आणि सांधा पूर्ण वाकत नाही. कधी कधी तर दुखणं गेलं तरी ताकद पूर्ण परतलेली नसते. म्हणून उड्या, वेगानं धावणं, जड वजन, एखादा नवा कठीण प्रकार, हे दुखणं मावळल्यावर एक-दोन दिवसांनी. एकाच भागाच्या दोन जड व्यायामांत साधारण अठ्ठेचाळीस तास सोडा. आज पाय, परवा पुन्हा पाय, मधल्या दिवशी हात किंवा चालणं.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये प्रौढांसाठी दिलेली शिफारस आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटं मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम अशी आहे. दोन दिवस. रोज बैठका मारल्याच पाहिजेत असं त्यात कुठंही नाही. हे वाचल्यावर माझ्या मनावरचं मोठं ओझं उतरलं होतं.

मूळ बिघाड इथं आहे

आजच्या दिवसाचा प्रश्न सुटला तरी दर दोन महिन्यांनी तो परत का येतो, हे पाहायलाच हवं.

स्नायूला एक फार चांगली सवय असते. एकदा त्याला असा ताण बसला आणि तो सावरला, की पुढच्या वेळी त्याच कामानं तो तेवढा दुखत नाही. पहिल्यांदा पन्नास बैठकांनी पाच दिवस अडवलं असेल तर दहा-बारा दिवसांनी त्याच पन्नास बैठका एखादा दिवस जड जातील, बस्स. हे संरक्षण काही आठवडे टिकतं. अगदी थोड्या, न दुखणाऱ्या मात्रेनंही ते काही प्रमाणात मिळतं. पण काम पूर्ण बंद ठेवलं की ते हळूहळू ओसरतं.

आता माझी चार वर्षं बघा. दुखणं सोसून मी ते संरक्षण दर वेळी मिळवत होते, आणि ज्या आठवड्यात त्याचा फायदा घ्यायचा त्याच आठवड्यात थांबत होते. मग दोन महिने घालवून ते पुसून टाकायचं आणि नव्यानं पन्नासच्या आकड्यापासून सुरुवात. पन्नासच का, तर कॉलेजात असताना तेवढ्या मारायचे म्हणून. शरीर तेव्हाचं नव्हतं, आकडा मात्र तेव्हाचा होता.

आपल्या गड्ड्याच्या यात्रेत हे किती शहाणपणानं सांभाळलेलं आहे ते पाहा. जानेवारीत सिद्धरामेश्वरांचे सात नंदीध्वज अडुसष्ट लिंगांच्या प्रदक्षिणेला निघतात. ती उंच, जड काठी कमरेच्या पट्ट्यात तोलून चालणं हे कंबर, मांड्या आणि खांद्यांचं मोठं काम आहे. बाराबंदी घालून कुणी त्या दिवशी पहिल्यांदाच काठीला हात घालत नाही. यात्रेच्या आधीपासून सराव सुरू होतो, काठी आलटून पालटून पेलली जाते, आणि अंग थोडं थोडं तयार होतं. लहानपणी वडिलांबरोबर तो सराव मी पाहिला आहे. तेव्हा ती फक्त श्रद्धेची गोष्ट वाटायची. आता त्यात स्नायूंची समजही दिसते.

भाचीनं मला जे लिहून दिलं ते असं. पहिल्या आठवड्यात खुर्चीला धरून आठ-आठ बैठका, दोन वेळा, आठवड्यातून दोनच दिवस. पुढं दर आठवड्याला दोन-तीन वाढवायच्या, त्याहून जास्त नाही. पहिल्या दिवशी संपवताना "आणखी दहा सहज झाल्या असत्या" असं वाटलं पाहिजे. आणि खंड पडला तर, कारण खंड पडणारच, परीक्षा येतात, लग्नसराई येते, तर दोन आठवड्यांच्या वर खंड असल्यास आकडा निम्मा करून सुरू करायचं. मागचं भरून काढायचं नाही. पहिल्या दिवशी आठ बैठका मारून मी तिला फोन केला होता, "यानं काय होणार गं?" ती म्हणाली, "आत्या, काही होऊ नये म्हणूनच आठ सांगितल्यात. तू परवा परत आठ मारलेल्या मला हव्यात."

परवा मी परत आठ मारल्या. चार वर्षांत पहिल्यांदा माझा दुसरा दिवस आला.

तेल, शेक, झोप, जेवण

हलक्या हातानं तेल चोळल्यानं बरं वाटतं आणि दुखणं काही प्रमाणात कमीही होतं. कोमट पाण्याची अंघोळ, गरम पाण्याची पिशवी, हे साध्या अंग धरण्यात चालतं. पण लचक, मुरगळ, नव्या सुजेत पहिले दोन दिवस शेक नको, रगडून चोळणं तर मुळीच नको. तिथं कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं ठेवा. "चोळून मोकळं करतो" म्हणणारा कितीही आपला असला तरी सुजलेला पाय त्याच्या हातात देऊ नका.

व्यायामाआधी किंवा नंतर ताण दिल्यानं दुसऱ्या दिवशीचं दुखणं टळतं, ही समजूतही फारशी खरी नाही. अभ्यासांत त्याचा फरक नगण्य दिसला आहे. सांधे मोकळे वाटतात म्हणून ताण द्या, पण धरलेल्या पोटऱ्या झटके देऊन ओढू नका.

वेदनाशामक गोळी घेऊन व्यायामाला जाणं मला पटत नाही. वर सांगितलेली दहा मिनिटांची चाचणी त्या गोळीनं खोटी ठरते. शिवाय आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या, अंगातलं पाणी कमी झालेलं असताना, मूत्रपिंडांवर ताण आणतात. आपल्या एप्रिल-मेमध्ये, जेव्हा पारा चाळिशी ओलांडून त्रेचाळीसच्या आसपास जातो, तेव्हा अंगातलं पाणी कमी व्हायला घराबाहेर अर्धा तास पुरतो.

जेवणाबद्दल थोडक्यात. डागडुजीला प्रथिनं लागतात, आणि साठ किलोच्या माणसाला दिवसाला निदान पन्नास ग्रॅम हवीत, व्यायाम करणाऱ्याला त्याहून जास्त. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत साधारण पंचवीस ग्रॅम असतात, म्हणून आपली शेंगाचटणी चांगलीच, पण दोन चमचे चटणीत पाच ग्रॅमही येत नाहीत. कडक भाकरीबरोबर मटकीची उसळ, पिठलं, हुलग्याचं माडगं, दही, चालत असतील तर अंडी, असं काहीतरी रोज ताटात असू द्या. झोप मात्र कशानंही भरून निघत नाही. रात्रपाळीवर यंत्रमाग चालवून आलेल्या माणसानं सकाळी झोप सोडून व्यायामाला जाऊ नये. त्याचे पाय बारा तास उभेच होते. त्यानं आधी झोपावं, मग संध्याकाळी चालावं.

इथं थांबायचंच

लघवीबद्दल वर लिहिलं होतं. सवय नसताना अति व्यायाम झाला, त्यातून उन्हात, पाणी न पिता, तर कधी कधी स्नायूंचे तंतू मोठ्या प्रमाणात तुटतात आणि त्यातलं द्रव्य रक्तात उतरतं. याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. लघवी कोऱ्या चहासारखी किंवा कोलासारखी होते, स्नायू टणक सुजतो, दुखणं नेहमीच्या अंगदुखीपेक्षा कितीतरी जास्त असतं, हात-पाय उचलवत नाहीत. ही खुणांची सगळी माळ दिसायची वाट पाहू नका. यात मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. वेळेत शिरेतून सलाइन मिळालं तर बहुतेक माणसं बरी होतात. "पाणी पिऊन बघतो" म्हणत रात्र काढायची नाही.

एकच पोटरी सुजली, गरम लागते, लाल झाली, आणि व्यायामाचं तसं काही कारण नाही, तर ती शिरेतली गुठळी असू शकते. चोळू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. त्यासोबत धाप लागली तर क्षणभरही थांबू नका.

छातीत दाब, डावा हात, जबडा किंवा पाठ भरून येणं, सोबत घाम, आणि हे श्रम केल्यावर वाढतं, तर "काल जोर मारले होते" या कारणाखाली ते झाकू नका. मधुमेह असलेल्यांना ही लक्षणं पुसट असू शकतात, त्यांनी तर अजिबात नाही.

पावसाळ्यात आणि नंतर अंगदुखीबरोबर ताप आला तर ती व्यायामाची अंगदुखी नव्हे, हे आधी मनाशी पक्कं करा. डेंग्यू, चिकुनगुनिया दोन्हींत अंग मोडून येतं. तापात व्यायाम नको. डेंग्यूची शंका असताना आयब्युप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिनही नको, रक्तस्रावाचा धोका वाढतो.

कोलेस्टेरॉलची गोळी नुकतीच सुरू झाली किंवा वाढवली, आणि दोन्ही मांड्या-खांदे विनाकारण दुखतात, तर ते डॉक्टरांना सांगा. गोळी आपल्या मनानं बंद करू नका. आणि कोणतंही दुखणं आठवडा उलटून गेला तरी उतरत नसेल तर अंदाज करणं थांबवून तपासून घ्या.

यंदाची कोजागिरी

यंदा मी दहा आठवडे आधी सुरुवात केली. रविवारी लांब चालणं: सहा किलोमीटर, मग आठ, मग अकरा, असं करत पंचवीसपर्यंत. मध्ये एक रविवार कमी. आठवड्यातून दोनदा बैठका, आणि एकदा आमच्याच इमारतीचे तीन मजले सावकाश उतरायचा सराव, कठड्याला हात न लावता. शेवटच्या आठवड्यात नुसतं हलकं चालणं.

तुळजापुरात पायऱ्या उतरताना पाय थकलेले होते, पण थरथरले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुखणं पाच होतं. दहा मिनिटं चालले, सैल झालं, वीस मिनिटांवर थांबले. तिसऱ्या दिवशी सहा, म्हणून फक्त संध्याकाळची एक फेरी. चौथ्या दिवशी तीन. पाचव्या दिवशी वहीत दहा बैठका लिहिलेल्या आहेत, आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात चौदा.